राबाची राख आणि रोपाचा श्वास



होळी झाली की आमच्या भिवंडी, शहापूर, वाडा बाजूला संध्याकाळी खाचरांतून निळसर धूर वर चढताना दिसतो. राब भाजायला सुरुवात झाली असं समजायचं. हल्ली हा धूर कमी झालाय. हायवेच्या कडेची खाचरं भराव टाकून गोडाऊनखाली गेली. टहाळ तोडायला माणूस मिळत नाही आणि जंगलात कोयता घेऊन गेलं की विचारणा होते. तरी वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, राब अजून भाजला जातो. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत मला एकच प्रश्न येतो. भाऊ, राब भाजावा की सोडून द्यावा?

हो किंवा नाही सांगून मोकळं होता आलं असतं. पण हा प्रश्न आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात यावर सरकार आणि शेतकरी समोरासमोर आले होते. तेव्हा दोघांनाही एका गोष्टीचं नीट उत्तर माहीत नव्हतं, ते म्हणजे भाताचं रोप खातं काय आणि श्वास घेतं कसं. घरातल्या पोरांचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा, त्यात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' नावाचे धडे आहेत. पोषण, श्वसन, वाढ. पोरं ते पाठ करतात आणि पेपरात लिहून येतात. पण तोच धडा आपल्या राबात दरसाल डोळ्यांसमोर घडतो. म्हणून आज थोडं लांबून सांगतो. चहा घेऊन बसा.

राब म्हणजे काय

विदर्भ-मराठवाड्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांच्यासाठी आधी हे. आमच्याकडे भात थेट पेरत नाहीत. आधी छोट्या तुकड्यात रोप करतात, त्याला आम्ही आवण म्हणतो. एकराला चारेक गुंठे आवणाची जागा धरायची. ती जागा उन्हाळ्यात भाजायची, तोच राब. खाली शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळाचा टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. माती टाकायची ती जाळ भडकू नये म्हणून. पेटवायचा तोही वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि जमीन नीट भाजते. भडका उडाला तर राब फुकट गेला असं जुनी माणसं म्हणायची. ही 'हळूहळू'ची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाची माहिती आहे. म्हणजे तेव्हासुद्धा ही जुनी, रुळलेली पद्धत होती.

भांडण

१८७८ साली इंग्रज सरकारने वन कायदा केला. त्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली मोठमोठी जंगलं राखीव व्हायला लागली. मुंबई शहर वाढत होतं, रेल्वे वाढत होती, लाकूड आणि जळण हवं होतं. जंगल खात्याच्या नजरेत टहाळ तोडणारा कुणबी, आगरी, वारली, ठाकूर हा झाडाचा शत्रू. फांद्या छाटून छाटून झाडं खुंटतात ही त्यांची तक्रार, आणि ती अगदीच खोटी नव्हती. शेतकऱ्याचं म्हणणं सरळ होतं. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर आवण नाही, आवण नाही तर भात नाही. मग सारा कशातून भरायचा?

तक्रारी इतक्या झाल्या, की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. ठाणे-कुलाब्याच्या लोकांची गाऱ्हाणी हा त्याचा मुख्य विषय. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. जंगलाच्या हक्कांचं भांडण त्या अहवालाने मिटलं नाही. पण एक प्रश्न पुढे आला. राब खरंच लागतो, की ती नुसती रूढी आहे?

हा प्रश्न कचेरीत बसून सुटणारा नव्हता. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करवून घेतले. पुढे १८८९ च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडचा शेतकी रसायनतज्ज्ञ भारतात आला. वर्षभर देश फिरला आणि १८९३ मध्ये त्याचा मोठा अहवाल छापला गेला. त्यातही राबाचा विचार आहे. या गृहस्थाची एक गोष्ट मला आवडते. इथला शेतकरी मागासलेला आहे असं धरून तो आला नाही. चांगला भारतीय शेतकरी हा सरासरी इंग्लिश शेतकऱ्याइतकाच चांगला आणि काही बाबतींत सरस आहे, असं त्याने लिहून ठेवलं. राबालाही त्याने अडाणीपणा म्हणून मोडीत काढलं नाही.

पण राब उपयोगी पडतो एवढं कळून भागत नाही. का उपयोगी पडतो हे कळल्याशिवाय त्याला पर्याय शोधता येत नाही. टहाळाच्या जागी दुसरं काय टाकावं? नुसती राख चालेल? नुसतं शेण? इथे गाडी अडली. ती का अडली हे समजायला थोडं मागे, युरोपात जाऊन यावं लागतं.

पाच तोळे माती

व्हॅन हेलमाँट नावाचा एक माणूस होता, आत्ताच्या बेल्जियममधला. त्याने एका कुंडीत २०० पौंड सुकवलेली माती मोजून भरली आणि त्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. मग झाड काढून तोललं, ते १६९ पौंडांच्या वर भरलं. माती पुन्हा सुकवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी झाली होती. दोन औंस म्हणजे आपले पाच तोळे. त्याच्या मरणानंतर १६४८ साली हे छापून आलं.

आता विचार करा. झाडाचं वजन सत्तर किलोच्या वर वाढलं आणि मातीतून गेलं पाच तोळे. हेलमाँट म्हणाला, झाड पाण्याचंच बनतं. हे अर्धं बरोबर होतं. हवा त्याच्या हिशेबात नव्हती.

हवेचा हिशेब लागायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. १७७१ मध्ये इंग्लंडच्या प्रिस्टलीने बंद भांड्यात मेणबत्ती विझू दिली. त्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली आणि उंदीरही जगला. म्हणजे जनावर आणि जाळ हवेतलं जे संपवतात ते झाड परत देतं. १७७९ मध्ये इंगेनहाउझने पुढचं दाखवलं. हे काम झाडाचा फक्त हिरवा भाग करतो आणि फक्त उजेडात करतो. रात्री झाडही जनावरासारखंच हवा खराब करतं. म्हणजे झाडसुद्धा श्वास घेतं, चोवीस तास घेतं. अन्न तयार करणं हे त्याचं दिवसाचं जादा काम आहे.

त्याच काळात फ्रान्समध्ये लाव्हाझिएने लाप्लासच्या जोडीने गिनीपिग नावाचा छोटा प्राणी बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि किती बर्फ वितळतं ते मोजलं. कोळसा जाळून किती वितळतं तेही मोजलं. दोन्ही हिशेब ताडून तो म्हणाला, श्वसन म्हणजे मंद जळण.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राबच आठवला. राबात टहाळ जळतो, आपल्या अंगात भाकरी जळते, बैलाच्या अंगात पेंढा जळतो आणि रोपाच्या अंगात त्याचीच साखर जळते. सगळीकडे प्राणवायू लागतो, सगळीकडे ऊब निघते आणि सगळीकडे कार्बन वायू होऊन उडून जातो. फरक वेगाचा. राब एका रात्रीत जळतो, बैल जन्मभर जळतो. खोटं वाटत असेल तर जूनमध्ये रहू करताना बघा. भात भिजवून पोत्यात दाबून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी पोत्यात हात घाला, गरम लागतं. तो बियाण्याचा श्वास आहे. दाण्यातला साठा जळतोय आणि त्यावर मोड निघतोय. म्हणून पोतं फार जाड रचलं आणि मधे वारा गेला नाही तर मोड कुजतात.

मग १८०४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने सगळं तोलून-मापून हिशेब मांडला. झाडाच्या कोरड्या वजनातला बहुतेक भाग हवेतला कार्बन आणि पाणी यांतून येतो. मातीतून येतं ते थोडं, पण त्याच्यावाचून अडतं. झाड जाळल्यावर राख म्हणून मागे उरतं ते हेच. हेलमाँटचे पाच तोळे म्हणजे झाडाची राखच.

राखेचं कोडं

आता राबाकडे या. ऐनाचा टहाळ जाळला. कार्बन धुरावाटे गेला. राखेत पालाश राहिलं, स्फुरद राहिलं, चुना राहिला. ऐनाच्या सालीच्या राखेत तर चुना इतका असतो, की पूर्वी लोक ती विड्याला लावून खायचे. आमच्या आंबट, पावसाने धुतलेल्या जमिनीला चुना लागतोच. इथवर हिशेब जुळतो.

पण नत्र? जाळल्यावर नत्र राखेत राहत नाही, बहुतेक सगळं धुराबरोबर जातं. शेणातलंही जातं, टहाळातलंही जातं. १८४० मध्ये जर्मनीच्या लीबिगने सांगितलं होतं, की झाडाला मातीतून खनिजं लागतात, नत्राचा अमोनिया हवेतून मिळतो. इंग्लंडमध्ये रॉथम्स्टेडला लॉझ आणि गिल्बर्ट या जोडीने १८४३ पासून शेतात प्रयोग मांडले आणि दाखवलं, की नाही, गव्हासारख्या पिकाला नत्र घातल्याशिवाय पीक येत नाही.

मग राबाच्या जागेवर नत्र जळून गेलेलं असताना तिथलं आवण एवढं काळंभोर हिरवं येतं कसं? नत्र कमी पडलं तर रोप पिवळं पडायला हवं, हे कृषी सहायकसुद्धा पहिल्या भेटीत सांगतो. ते पिवळं पडत नाही. हे कोडं सोडवल्याशिवाय राबाचं भांडण सुटणार नव्हतं.

पुण्याचं काम

१९०७ पासून पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मॅन होते. त्यांनी ना. वि. जोशी आणि ना. वि. कानिटकर या दोन मराठी सहकाऱ्यांबरोबर राबाचाच अभ्यास हाती घेतला. १९१२ मध्ये पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवरचा त्यांचा निबंध शेती खात्याच्या रसायनशास्त्राच्या मालिकेत छापला गेला. यातले कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनात मोठं नाव झाले.

त्यांनी राबाचे दोन भाग वेगळे केले, राख आणि उष्णता. राखेचा खत म्हणून फायदा होतो हे खरं. पण नुसती माती तापवली, तरी रोप सुधारतं. भाजलेल्या मातीतून पाण्यात विरघळणारं द्रव्य जास्त निघतं. म्हणजे राब हा वरून टाकलेल्या खतापुरता नाही. जमिनीत अडकून पडलेलं अन्न तो मोकळं करतो.

त्याच सुमारास, १९०९ मध्ये, रॉथम्स्टेडच्या रसेल आणि हचिन्सनने माती उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवून बघितली होती. तापवलेल्या मातीत जिवाणू आधी मरतात. जे वाचतात ते थोड्याच दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त वाढतात आणि मातीतला अमोनिया वाढतो. असं का होतं याचं त्यांचं स्पष्टीकरण, म्हणजे जिवाणू खाणारे सूक्ष्म जीव मरतात हे, पुढे वादात राहिलं. पण तापवलेल्या मातीत अमोनिया वाढतो हे मोजमाप टिकलं.

इथे कोडं सुटतं. राबात टाकलेलं नत्र धुरात जातं, पण जमिनीतलं जुनं नत्र उष्णतेने रोपाला खाता येईल अशा रूपात येतं. मेलेले जिवाणूसुद्धा दुसऱ्यांचं अन्न होतात आणि त्यांच्या अंगातलं नत्र रोपापर्यंत पोचतं. म्हणजे एकाची उरलीसुरली चीज दुसऱ्याचं जेवण. पोषण आणि उत्सर्जन आपण वेगवेगळं धरतो, मातीत ती एकच साखळी आहे. गोठ्यातही तेच बघा. पेंढा गाय स्वतः पचवत नाही, तिच्या पोटातले सूक्ष्म जीव पचवतात. मग त्या जिवांचा माल आणि शेवटी ते जीवही गाय पचवते. आपण गाईला चारा घालतो तो खरं तर त्यांना घालतो, आणि शेणखत घालतो तेही मातीतल्या अशाच मंडळींना.

आता ती 'हळूहळू'ची गोष्ट. वाऱ्याविरुद्ध आग का, मातीचा थर का, हे जुन्या माणसांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. भडका उडाला तर उष्णता वर जाते, माती तापत नाही, नुसती राख पडते. हळू जळलं तर वरचा इंच-दीड इंच थर नीट भाजतो. तण मरतं, माती भुसभुशीत होते, आवण उपटताना मुळं तुटत नाहीत. राखेपेक्षा भाजण्याला किंमत आहे हे पुण्याच्या प्रयोगशाळेने १९१२ मध्ये लिहिलं. आपल्या आज्यापणज्यांच्या हाताला ते आधीच माहीत होतं, फक्त कारण सांगता येत नव्हतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी, ती झाकून चालणार नाही. जमिनीतलं नत्र मोकळं होतं म्हणजे ते शिलकीतून काढलं जातं. दरसाल त्याच जागेवर भाजायचं तर दरसाल बाहेरून शेण आणि टहाळ आणावा लागतो. चार गुंठ्यांच्या राबासाठी किती मोठ्या जंगलाची छाटणी होते ते ज्याने डोक्यावर भारे वाहिले त्याला विचारा. जंगल खातं त्या बाबतीत अगदी चुकीचं नव्हतं. व्होल्करलासुद्धा शेण जाळणं सलायचं. जळणासाठी वेगळी झाडं लावा, म्हणजे शेण शेतात जाईल, असा त्याचा आग्रह होता.

चिखलातला श्वास

राबाने रोपाची सुरुवात झाली. पण जुलैत ते उपटून चिखलात लावतो तेव्हा पुढचा प्रश्न. पाण्याखाली मूळ श्वास कसं घेतं? हरभरा-तूर दोन दिवस पाण्यात राहिली तर माना टाकते, भात चार महिने उभं राहतं.

कोइमतूरला हॅरिसन आणि सुब्रमणिया अय्यर यांनी १९१३ च्या सुमारास याच मागे लागून भाताच्या चिखलातले वायू गोळा केले. लावणीनंतर खाचरात पाय टाकला की बुडबुडे येतात ना, तेच. त्यात मिथेन असतो. म्हणजे खाली प्राणवायू नाही आणि जिवाणू प्राणवायूशिवायच कुजवण्याचं काम करतायत. पण चिखलाच्या वरच्या पातळ सायीत शेवाळ असतं, ते उजेडात प्राणवायू सोडतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुळांना त्याचा आधार मिळतो. पुढे १९३९ मध्ये प. कु. डे यांनी दाखवलं, की भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्रही बांधतं.

शिवाय भाताने स्वतःची सोय केलेली आहे. काडी आडवी कापून बघा, आत पोकळ्या दिसतात. पानाकडून मुळापर्यंत हवेच्या नळ्या असतात. त्यांतून प्राणवायू खाली उतरतो, थोडा मुळाबाहेरही झिरपतो. चिखलातल्या लोखंडाला त्याने गंज चढतो, म्हणून निरोगी भाताचं जुनं मूळ तांबूस दिसतं आणि टोकं पांढरी. मूळ काळं पडलं आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर समजा श्वास कोंडलाय. अशा वेळी खताची गोणी उघडू नका. बांध फोडून दोन-चार दिवस पाणी काढा, चिखलाला वारा लागू द्या. आजारी माणसाला जेवण वाढण्याआधी खिडकी उघडतात तसंच.

चिखलाचे हे दोन थर, वरचा हवेचा आणि खालचा बिनहवेचा, समजले की युरियाचंही गणित कळतं. वर फेकलेला युरिया वरच्या थरात रूप बदलतो, खाली गेल्यावर वायू होऊन उडतो. थोडा पाण्यातूनच अमोनिया होऊन जातो, थोडा पावसाने बांधावरून वाहतो. म्हणून तो खाली खोचायचा.

आता राबाचं काय

इतका इतिहास सांगितला तो यासाठी. राबाला एकाच वस्तूचा पर्याय शोधू नका. राब चार कामं करतो: राख देतो, नत्र मोकळं करतो, तण मारतो, माती भुसभुशीत करतो. राब सोडायचा असेल तर चारही कामांची सोय करावी लागते. एखादं राहिलं की आवण पिवळं पडतं आणि लोक म्हणतात, बघा, राबाशिवाय जमत नाही.

आपल्या कोकणपट्टीत डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती या दृष्टीने बघा. पहिलं सूत्र भाताचेच अवशेष वापरा. आवणाच्या वाफ्याला तुसाची काळी, अर्धवट जळलेली राख मिसळायची आणि पेंढा जमिनीत गाडायचा. त्याने पालाश मिळतं आणि सिलिका मिळते, जिने रोप काटक होतं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला. बांधावर झाड लावा, पाला लावणीच्या आधी चिखलात घाला. जंगलात कोयता न्यायला नको आणि नत्र धुरात जात नाही. मात्र पाला घातल्यावर आठवडाभर कुजू द्या, लगेच लावणी केली तर तोच श्वास कोंडण्याचा प्रकार होतो. तिसरं सूत्र १५ आणि २५ सेंटिमीटरची नियंत्रित लावणी. चौथं युरिया-डीएपीची ब्रिकेट. चार चुडांच्या चौकोनात मधे एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल.

राहिलं तण आणि माती तापवणं. त्यासाठी उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक महिना-दीड महिना अंथरून कडा मातीने दाबायच्या. इस्राएलमध्ये १९७६ साली कटान आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. राबाइतकी माती तापत नाही, पण तण आणि बरेच रोगजंतू मरतात. काळं प्लास्टिक नको, त्याने माती कमी तापते. आणि काम झालं की गुंडाळून ठेवा, शेतात फाडून टाकू नका.

मी स्वतः आवणाच्या जागेचे तुकडे करून बघतो. एका तुकड्यात जुना राब, एकात नुसती चुलीची राख, एकात कुजलेलं शेणखत आणि तुसाची राख, एकात प्लास्टिकने तापवून वर शेणखत. नुसत्या राखेचा तुकडा दरवेळी फिका राहतो. तो का फिका राहतो ते वर आलंच, राखेत नत्र नाही. राबाचा तुकडा पहिले पंधरा दिवस सगळ्यांच्या पुढे असतो. पण उपटायच्या वेळेपर्यंत प्लास्टिक आणि शेणखताचा तुकडा त्याच्या बरोबरीला येतो, आणि तणाचा त्रास दोन्हींत कमी. ही एका शेतकऱ्याच्या एका शेतातली नोंद आहे, शिफारस नव्हे. तुमची जमीन वेगळी असेल तर तुम्ही एक वाफा तसा करून बघा. सगळं शेत एकदम बदलू नका.

ज्याच्याकडे शेण भरपूर आहे, पातेरा घरच्या बांधावरचा आहे, त्याने राब भाजला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त हळू भाजा, आणि वणवा लागणार नाही एवढी कड साफ ठेवा. ज्याला जंगलात जाऊन टहाळ ओरबाडावा लागतो, त्याने आता सोडावा. राबामागचं कारण आता आपल्या हातात आहे. १८८५ साली आयोगापुढे गाऱ्हाणं मांडणाऱ्या शेतकऱ्याकडे ते नव्हतं. राब बंद म्हणजे भात बंद हे त्याचं म्हणणं त्याच्या जागी खरं होतं, कारण दुसरी वाट त्याला कोणी दाखवली नव्हती.

एक विनंती. घरात दहावीचं पोर असेल तर जूनमध्ये त्याला रहूच्या पोत्यात हात घालायला लावा. जुलैत मुठीतलं एक रोप धुऊन मुळाचा रंग दाखवा. ऑक्टोबरात भाताची काडी आडवी कापून पोकळ्या दाखवा. तीन गोष्टी आणि धडा संपला. परीक्षेत मार्क मिळतीलच, पण शेत विकून गोडाऊन बांधायची गोष्ट घरात निघेल तेव्हा त्या पोराला निदान एवढं कळेल, की आपण विकतोय ती नुसती जागा नाही. तीसुद्धा खाते, श्वास घेते आणि दुसऱ्याला जेवू घालते.

तुमच्या गावात राबाला काय म्हणतात, कुठला टहाळ वापरतात, आणि राब सोडून कोणी काय केलं, ते जरूर कळवा. पावसाआधी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून टाकतो.

राम राम.